शंभर टक्के हजर

हे सगळं खरं आहे, शब्द न् शब्द. खोटं निघालं तर चारचौघांत बोलता बोलता माझी कवळी चहाच्या कपात पडो, ह्याहून मोठी शपथ माझ्यापाशी नाही. कुणी म्हणेल, आजी, तुमच्या मागच्या गोष्टीत मांजरानं रेडिओ दुरुस्त केला होता. केला होता, पण तो विषय वेगळा. ह्या गोष्टीत मांजर नाही. एक बाई आहे, चाळीस जागा आहेत आणि पुष्कळशी टिंबं आहेत, आणि त्यातलं एक टिंबसुद्धा मी पदरचं घातलेलं नाही.

तर त्या सोमवारी सकाळी हजेरीबाईच्या टेबलावर यादी आली, आणि कपाच्या कानात घातलेलं तिचं बोट तिथंच राहिलं. चहा निवला, वर साय धरली, तरी बोट तिथंच. तीस वर्षं कॉलेजच्या हजेरीच्या खिडकीत बसून तिची मान त्या खिडकीच्या मापाची झाली होती. रस्त्यानं जातानासुद्धा ती समोरच्याकडे जरा वाकून, खालून वर बघायची, जणू मधे लाकडी चौकट आहे. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि खरं सांगायचं तर ती कधीच निवृत्त झाली होती, फक्त शरीर तेवढं रोज येऊन बसत होतं. यादीच्या डोक्यावर लाल पट्टा होता आणि त्यात लिहिलं होतं, ‘गळतीचा धोका’. कॉलेजनं त्या वर्षी यंत्र आणलं होतं. मधेच शिकणं सोडून कोण जाणार, हे ते आधी सांगणार, आणि मग कॉलेज त्या मुलामुलींना धरून ठेवणार. कुणाला संध्याकाळच्या वर्गात घ्यायचं, कुणाचं तान्हं मूल पाळणाघरात ठेवून घ्यायचं, प्रत्येकामागे एक शिक्षक लावून द्यायचा. जागा चाळीसच, कारण हो म्हणालेले शिक्षक चाळीसच निघाले, आणि त्यातल्या चौघांनी झोपेत मान हलवली होती. शुक्रवारी दुपारी बाराला यादी पक्की होणार होती. यादीतलं पहिलं नाव पहिल्या बाकावरच्या मुलीचं होतं. ही मुलगी पाय मुरगळला तेव्हा एका पायावर उड्या मारत आली होती, तापात आली होती, कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशीही येऊन दाराला हात लावून गेली होती. दुसरं नाव शिपायाच्या आधी येऊन फाटकाशी उभ्या राहणाऱ्याचं. तिसरं, चौथं, दहावं, सगळे असेच, त्या वर्षी अजून एकही दिवस न चुकवलेले. आणि जे आठवड्यातून दोनदा उगवतात, त्यांच्यापुढे हिरवा ठिपका. ठीक आहे, काळजी नको.

ऑफिसात हसून हसून लोकांची पोटं दुखली. “अहो, यंत्राला उलटं टांगलंय का?” हिशेबनीस म्हणाला. यंत्र सांभाळणारी यंत्रबाई हसली नाही. ते यंत्र म्हणजे तिच्या खोलीतली एक करडी पेटी होती, आणि त्या पेटीला थंडी लागते म्हणून की गरम होतं म्हणून, तिथं इतकं गार ठेवलेलं असायचं की ती बारा महिने लोकरी जाकीट घालून बसायची. “त्याला आम्ही काही शिकवत नाही,” ती म्हणाली. “बारा वर्षांची जुनी माहिती दाखवतो. हजेरी, मार्क, घर किती लांब, सगळं. शेवटी कोण टिकलं आणि कोण गेलं, तेही. त्यावरून ते आपलं आपण शिकतं. जुन्या वह्यांत जे पूर्ण हजर होते तेच गेलेत. का, ते मला विचारू नका.” मोठ्या साहेबांनी मात्र दोन मिनिटांत ‘का’ शोधून काढलं. “ताण,” ते म्हणाले. “अतिनियमित मुलांना आतून ताण असतो. मला स्वतःलाच लहानपणी होता.” आणि दुपारी पहिल्या बाकावरच्या मुलीला बोलावून तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून विचारलं, बेटा, काय त्रास आहे? तिला काहीच त्रास नव्हता, तो तिथून सुरू झाला. ती रडत बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी, खबरदारी म्हणून, जन्मात पहिल्यांदा गैरहजर राहिली.

हजेरीबाईही हसली नाही. तिला त्या यादीत आपलं अक्षर दिसलं होतं. यादी छापील होती, तरी दिसलं. खूप वर्षांपूर्वी, खिडकीत नवीन होती तेव्हा, एक उंच मुलगा समोर येऊन उभा राहिला होता, इतका उंच की खिडकीतून त्याच्या शर्टाचं तिसरं बटण दिसायचं. परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, त्याची सत्तर होती. “बाई, पाच टक्केच आहेत,” ते बटण म्हणालं. “नियम आहे,” ती म्हणाली. तो भांडला असता तर बरं झालं असतं, तिच्याकडे भांडणाची उत्तरं तयार होती. तो म्हणाला, “बरं.” आणि गेला, तो गेलाच. ते ‘बरं’ तिच्या कानात पाणी शिरावं तसं शिरून बसलं, मान कितीही झटकली तरी निघेना. पुढच्या वर्षापासून तिनं टिंबं झाकायला सुरुवात केली. शिक्षक गैरहजर मुलापुढे टिंब द्यायचे आणि हजर असलेल्यापुढे ‘ह’. वह्या बेरजेला तिच्याकडे आल्या की यायचं बंद झालेल्या मुलांच्या टिंबांवर ती ‘ह’ काढायची. अलगद, शिक्षकाच्याच शाईत. तिच्या खणात सात प्रकारच्या निळ्या शाया होत्या, आणि कुठल्या शिक्षकाची निळी कुठली हे ती झोपेतही सांगू शकली असती. वाटायचं, निदान परीक्षेचं दार बंद व्हायला नको, कधी परत यावंसं वाटलं तर यावं. आणि पंचाहत्तरावर थांबायचं कसं, हे तिला कधी जमलं नाही. कुठली चार टिंबं ठेवायची, कोणत्या मंगळवारी ह्या मुलाला गैरहजर करायचं, हे ठरवताना तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. द्यायचंच तर हात आखडता कशाला, म्हणून ती सगळीच भरायची. खऱ्याखुऱ्या येणाऱ्या मुलांना सर्दी होते, त्यांची बस चुकते, त्यांची मावशी येते. एक दिवस न चुकवणारे वहीत फक्त तेच, जे मुळात येतच नव्हते. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कुणाला दिसली नव्हती, आणि करड्या पेटीला एका आठवड्यात दिसली. पेटी चुकली नव्हती, तिला वाचायला दिलेलंच खोटं होतं.

मंगळवारी खिडकीत पाववाली आली. ही पहाटे चारपासून भट्टीवर पाव काढायची आणि मग दुसऱ्या तासाला धापा टाकत वर्गात शिरायची. भुवईत पीठ, अंगाला आंबवलेल्या कणकेचा वास. वर्गात तिच्याशेजारी बसणाऱ्यांना म्हणे अकरालाच भूक लागायची. वय पंचवीस-सव्वीस, एकदा शिक्षण सोडून पुन्हा आलेली. “बाई, माझी मूळ गुणपत्रिका द्याल का? झेरॉक्स काढायचीय.”

हजेरीबाईनं पेन खाली ठेवलं. तीस वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती, जी कुठल्याच वहीत नव्हती. जाणारं माणूस ‘मी जातो’ म्हणत नाही, मूळ कागद मागतं, फक्त झेरॉक्ससाठी. “झेरॉक्स खालीच आहे, मी काढून आणते की.”

“नको हो, तुमचे गुडघे. मीच काढते.”

“जाते आहेस ना?”

पाववाली हसली. भुवईतलं पीठ थोडं पडलं. “भट्टीवर पूर्ण वेळ विचारलंय. संध्याकाळच्या वर्गात टाका म्हणून तीनदा अर्ज केला. म्हणाले, यादीत नाव असेल तरच. आहे का हो माझं नाव?”

हजेरीबाईनं यादी बघण्याचं नाटक केलं. पाववालीच्या पुढे हिरवा ठिपका होता. “नाही.”

“म्हणजे मी बरी आहे,” पाववाली म्हणाली. “यंत्र म्हणतंय तर असेन. मला आपलं उगाच वाटत होतं.”

“कागद साहेबांच्या कपाटात आहेत,” हजेरीबाई म्हणाली. कागद तिच्याच खणात होते, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. “शुक्रवारी दुपारी ये.”

“बरं,” पाववाली म्हणाली.

घरी जाऊन हजेरीबाईनं भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. नवरा म्हणाला, “त्या पातेल्यानं काय केलंय तुझं?” तिनं पातेलं तिसऱ्यांदा घेतलं. बोटं पाण्यात असली की तिला लेक आठवायची, कारण लेक आता दूरच्या शहरात म्हाताऱ्या बायकांना पोहायला शिकवत होती. ह्याच कॉलेजात होती ती. रोज सकाळी मायलेकी बरोबर निघायच्या, फाटकाशी वेगळ्या व्हायच्या, आई खिडकीत जायची आणि लेक डावीकडे वळायची. डावीकडे वर्ग होते, आणि वर्गांच्या पलीकडे मागचं फाटक होतं, हे आईच्या मनातही आलं नाही. तीन महिने लेक सार्वजनिक तलावाच्या गॅलरीत बसून लोकांना पोहताना बघत होती. त्याच तीन महिन्यांत हजेरीबाईचं पित्ताशय काढलं, महिनाभर ती घरी होती आणि नंतरही अर्धाच दिवस जायची. बेरजा शेजारच्या परीक्षा-खिडकीवालीकडे होत्या. हजेरीबाईनंच तिला टिंबं झाकायला शिकवलेलं. “तुझीच पोर, म्हटलं उगाच टिंबं कशाला,” ती नंतर म्हणाली, वाईट मनानं नाही. हजेरीबाईनं त्या दिवसांत लेकीची ओळ पाहिली होती. ह, ह, ह, ह. मन भरून आलं होतं तिचं. मग एक दिवस लेकीनं बॅग भरली, आणि दारात उभी राहून भांडायच्या आवाजात नाही, नवल वाटल्यासारखं म्हणाली, “आई, तुला कळलंच नाही? तीन महिने? मला वाटलं, तू वही बघतेस. आज विचारशील, उद्या विचारशील. मी रोज वाट बघत होते.” फोन येतो आता लेकीचा, दर रविवारी. पाण्याचं तापमान सांगते. त्या एका वाक्याबद्दल दोघी कधी बोलत नाहीत, ते वाक्य फोनच्या तारेवर बसलेल्या पाखरासारखं मधेच बसून असतं. आणि आता ती ओळही पेटीत होती. पूर्ण हजर, आणि गेली. पेटीनं तेवढं बरोबर वाचलं होतं.

बुधवारी ती साहेबांच्या खोलीत गेली. यंत्रबाई तिथंच होती, जाकिटासकट. हजेरीबाईनं रात्रभर मनात वाक्यं लावली होती, चांगली लांब, सुरुवातीला सेवेचा उल्लेख असलेली. ती सगळी उंबऱ्यावरच सांडली. “वह्या खोट्या आहेत,” ती म्हणाली. “माझ्याच हातच्या.” आणि सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. तीस वर्षांचं ओझं चार मिनिटांत उतरतं, ह्याचंच तिला वाईट वाटलं. साहेब खुर्चीत हळूहळू खाली घसरत गेले, शेवटी टेबलावर नुसता चष्मा आणि कपाळ उरलं. यंत्रबाईनं मात्र विचारलं, “म्हणजे पूर्ण हजेरीच्या ओळी खोट्या? थांबा.” तिनं मांडीवरच्या संगणकावर दोन-तीन टकटक केल्या. “तीनशे बारा आहेत. बारा वर्षांत तीनशे बारा.” मग अजून एक टकटक. “त्यातले दोनशे त्र्याण्णव शेवटी गेलेच. एकोणीस टिकले, परीक्षा दिली, पास झाले.”

कुणी तिच्या आयुष्याची बेरीज असं बसल्याबसल्या सांगेल, असं हजेरीबाईला वाटलं नव्हतं. एकोणीस. एकोणीस पुष्कळ होते की थोडे, हे तिला ठरवता येईना. सात शायांपैकी प्रत्येकीला तीन मुलंही आली नाहीत. आणि लगेच दुसरी भीती आली. त्या एकोणिसांच्या पदव्या! त्यातली एक आता इस्पितळात बाळंतपणं करते, रस्त्यात भेटली की लांबून हात हलवते. “साहेब, त्यांना ओढू नका ह्यात. मला काय करायचं ते करा.”

साहेब वर सरकले. त्यांनी कागददाब एका ढिगावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला. “बाई, तुम्ही मला हे काहीच सांगितलेलं नाही,” ते थकून म्हणाले. “तुम्ही जुन्या वह्यांतल्या लेखनिक चुका दुरुस्त करताय. गेलेल्यांच्याच. एकोणीस पानं उघडायची नाहीत. शुक्रवारी बाराच्या आत. आणि ताणाचं भाषण मी परवाच देऊन बसलोय, ते कसं गिळायचं ते मी बघतो.”

मग दोन दिवस ती यंत्रबाईच्या गार खोलीत बसली. वह्या इतक्या जड की शिपायानं एकेक लहान बाळासारखी कडेवर आणली. शिक्षक टिंब देताना पेन दाबतात, हे तिला माहीत होतं. हजर लिहिताना हात मऊ असतो, गैरहजराचा थोडा राग येतोच. वरून ‘ह’ काढला तरी पानाच्या मागच्या बाजूला टिंबाचा बारीक उंचवटा राहतो. ती पान उलटं करून डोळे मिटायची आणि तर्जनीचं टोक ओळीवरून फिरवायची. “चौदा,” ती म्हणायची. “पुढच्या महिन्यात एकवीस.” यंत्रबाई टाइप करायची. बोटाचं कातडं दुपारपर्यंत गुळगुळीत झालं, मग हुळहुळायला लागलं, मग तिनं डाव्या हाताचं घेतलं. एकेक मूल तिनं हजर केलं होतं, आता एकेक बाहेर काढत होती. काहींचे चेहरे आठवत होते, काहींची नुसती बटणं. यंत्रबाईनं मधेच स्वतःचं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. “तुम्हाला राग येत नाही का ह्या पेटीचा?” तिनं विचारलं. “तिचा कशाला?” हजेरीबाई म्हणाली. “एवढ्या वर्षांत माझ्या वह्या मन लावून वाचणारी तीच पहिली.”

गुरुवारी दुपारी लेकीचं पान आलं. ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती, ओळीतला ‘ह’ दुसऱ्या बाईच्या गोल वळणाचा होता. हजेरीबाईनं पान उलटलं. बोट चालायला लागलं. पहिल्या आठवड्यात दोन टिंबं, मधे तीन दिवस सपाट, म्हणजे तेव्हा ती वर्गात गेली होती, परत बघू म्हणून गेली असेल, मग पुन्हा एक, मग सलग. प्रत्येक उंचवट्यावर बोट थांबत होतं. ह्या दिवशी वाट बघत होती. ह्या दिवशीही. ह्याही. गॅलरीतल्या ओल्या बाकावर, पाण्याच्या वासात, आई विचारेल म्हणून. “किती?” यंत्रबाईनं हळूच विचारलं. “एकसष्ट,” हजेरीबाई म्हणाली, आणि पान मिटायच्या आधी सपाट जागेवरूनही एकदा बोट फिरवून घेतलं.

शुक्रवारी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नवी यादी निघाली. पहिल्या बाकावरची मुलगी हिरवी झाली आणि ते कळल्यावर पुन्हा रडली. लाल पट्ट्याखाली आता वेगळीच माणसं होती. उशिरा येणारी, दमलेली, मधेच गायब होणारी. पाववाली तेविसावी होती. हजेरीबाई गुडघे विसरून खिडकीकडे गेली. पाववाली आलेली होती, भुवईत पीठ घेऊन, कागद न्यायला.

“कागद मिळणार नाहीत,” हजेरीबाई म्हणाली.

“का हो?”

“तुझं नाव आलंय. तू बरी नाहीस.”

पाववालीनं चौकटीला हात टेकले आणि कपाळही टेकलं. तिचे खांदे हलले. हसत होती की रडत ते बाहेरून बघणाऱ्याला कळलं असतं, हजेरीबाईला खालून नुसती हनुवटी दिसत होती. “मला वाटतच होतं,” पाववाली म्हणाली. “वर्ग कितीला असतो संध्याकाळचा?”

“साडेपाचला. उशीर करू नकोस,” हजेरीबाई म्हणाली, आणि लगेच म्हणाली, “झाला तर हो. पण ये.”

झालं. आता कवळीकडे असं बघू नका, सांगते. एवढं सगळं खरं, फक्त तो तेवीस आकडा माझा. पाववाली एकेचाळिसावी होती. अकरा चाळीसला यादी निघाली तेव्हा चाळीस नावांच्या खाली, रेघेच्या पलीकडे, पहिलीच. यंत्रबाई साहेबांना बोलवायला गेली होती. त्या वर्षीपासून हजेरी वहीत नाही, फाटकावर कार्ड टेकवून लागायची, आणि त्या कार्डांची चूकभूल दुरुस्त करायचं काम खिडकीकडेच असतं, त्यामुळं हजेरीबाईला ते पान उघडता येत होतं. मंगळवार, पाववाली हजर. त्याच दिवशी ती समोर उभी होती, कणकेच्या वासासकट. हजेरीबाईनं दुखऱ्या बोटानं तिथं एक टिंब ठेवलं, एकच, आणि यादी पुन्हा काढली. पाववाली चाळिसावी आली. चाळिसावं नाव आधी कुणाचं होतं, ते मला विचारू नका. तिनंही बघितलं नाही.